गाजर गवत उपटायचे कुणी?

पावसाळा आला की ग्रामपंचायतींना स्वच्छतेची आठवण होते. 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह. पुढाऱ्यांच्या हाती दोन रोपे, फोटो, भाषण. आणि उरलेले सारे गवत उपटायला बोलावणे येते ते आमच्या वस्तीला. तेही उघड्या हातांनी!

हे गवत पुण्यात 1955 च्या सुमारास प्रथम आढळले. अमेरिकेच्या पी.एल. 480 गव्हातून ते आले असे मानतात. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. नावाचे राजकारण ज्याचे त्याने करावे, आमचा मुद्दा कातडीचा आहे. या झाडातील पार्थेनिन द्रव्याने अंगाला खाज सुटते, इसब होतो. परागकणांनी शिंका, दमा. वारंवार संपर्काने हा त्रास वाढतो. मग दरवर्षी तेच हात कामाला लावायचे, हा कुठला न्याय?

ओळख अवघड नाही. पाने गाजरासारखी चिरलेली, आधी जमिनीलगत पसरलेली; मग झाड कंबरेपर्यंत वाढते व टोकाला बारीक पांढरी फुले येतात. एकेक झाड हजारो बिया टाकते. जूनच्या पावसात उगवलेले झाड ऑगस्टपर्यंत फुलून जाते. म्हणजे सप्ताहात उपटणे हे पुष्कळदा बी झटकून पेरणेच! फुलापूर्वी, ओल्या जमिनीतून मुळासकट काढले तर त्याचे कंपोस्टही होते. रस्त्याकडेच्या पडीक जागी 15 ते 20 टक्के मिठाचे द्रावण फवारावे, शेतात मात्र नाही. टाकळ्याचे (विदर्भात तरोटा) बी पावसाआधी विखुरले तर तो या गवताला दाबतो. मेक्सिकोतून आणलेला, 1984 पासून भारतात सोडलेला झायगोग्रामा भुंगा त्याची पाने खातो. तो दिसेल तेथे औषध मारू नये.

ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 45 प्रमाणे सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे पंचायतीचे काम आहे. वस्तीवर लादलेली वेठ नव्हे. हजेरीपत्रकावर नाव, पूर्ण मजुरी, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला मास्क. आणि ज्याला खाज उठते त्याला दुसरे काम. एवढे मिळाले तरच हात लावा. ही मागणी ऑगस्टची वाट न पाहता 1 मेच्या ग्रामसभेत लेखी मांडा, पोच घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल मागून ठेवा.