प्रतिमेची प्रत आणि रुग्णाचा प्रवास

फिरत्या सीटी स्कॅनरची प्रतिमा स्थिर यंत्राच्या तोडीची नसते, म्हणून त्यावर पैसा घालवू नये, हा युक्तिवाद या आठवड्यात पुन्हा ऐकू आला. स्लाइसच्या, म्हणजे एका फेरीत टिपल्या जाणाऱ्या कापांच्या, आकड्यावरून यंत्राची लायकी ठरवण्याच्या ज्या सवयीवर या स्तंभाने वेळोवेळी टीका केली आहे, तिचेच हे नवे रूप होय. प्रतिमेविषयीचे विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

तुलना करायची ती प्रतिमा आणि प्रवास यांची. मेंदूतील रक्तस्रावानंतर व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या कवटीतून, आतल्या पोकळ्यांत साठणारे पाणी काढण्यासाठी अनेकदा बारीक नळी घातलेली असते, तिची पातळी कानाच्या उंचीशी जुळवलेली असते आणि दाब वाढू नये म्हणून डोक्याकडची बाजू सुमारे 30 अंश उचललेली असते. अशा रुग्णाला स्थिर यंत्रासाठी तळमजल्यावर न्यायचे म्हणजे नळी बंद करायची, व्हेंटिलेटर बदलायचा, औषधांचे पंप ट्रॉलीवर चढवायचे, लिफ्ट अडवून धरायची आणि परतताना हेच सारे पुन्हा करायचे. या काळात कवटीतील दाब वाढणे, ऑक्सिजन घटणे, नळी निसटणे हे ज्ञात धोके असतात आणि दुखावलेल्या मेंदूला ते सोसत नाहीत. खाटेजवळच्या स्कॅनमध्येही डोके काही मिनिटे सपाट ठेवावे लागते, परंतु बाकीची यातायात टळते.

सेरेटॉमसारखे आठ स्लाइसचे, सुमारे 440 किलो वजनाचे फिरते यंत्र बॅटरीवर खाटेपाशी येते. त्याच्या गॅन्ट्रीची, म्हणजे डोक्याभोवती सरकणाऱ्या कड्याची, पोकळी जेमतेम 32 सेंटीमीटर रुंद असते. कवटीच्या तळाशी दाट हाडामुळे प्रतिमेत उमटणारे पट्टे या यंत्रात अधिक त्रास देतात आणि ताज्या पक्षाघातातील पुसट बदल स्थिर यंत्रच अधिक भरवशाने दाखवते; म्हणून अपघात विभागात, जेथे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांत द्यायचे असते आणि धमन्यांचेही चित्र हवे असते, तेथे स्थिर यंत्राला पर्याय नाही. अतिदक्षता विभागातले प्रश्न निराळे असतात: रक्तस्राव वाढला का, पोकळ्या फुगल्या का, मेंदूची मध्यरेषा सरकली का. त्यांच्या उत्तरांना साधी प्रतिमा पुरते. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सीटी स्कॅनरचे जनक हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने काढलेले रुग्णाचे पहिले चित्र अवघ्या 80 बाय 80 ठिपक्यांचे होते, तरीही त्यात मेंदूतील गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेला दिशा मिळाली.

यंत्र येते आणि तंत्रज्ञाचे पद रिकामेच राहते, हे या स्तंभाचे जुने गाऱ्हाणे येथेही लागू पडते, कारण खाटेजवळ किरणोत्सर्ग वापरायचा तर शेजारच्या रुग्णांचे संरक्षण, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि रात्रीचा प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी आधी हव्यात. म्हणून खरेदी समितीने स्लाइस मोजण्यापूर्वी दर महिन्याला व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण केवळ स्कॅनसाठी खाली नेले जातात, हे मोजावे. ती संख्या मोठी असेल तर फिरते यंत्र ही चैन नसून उपचाराचाच भाग ठरते.