मत म्हणजे मानपत्र नव्हे

एखादा थोर लोकसेवक निवडणुकींत पडला, कीं मतदारांस कृतघ्न ठरविण्याची आपल्याकडे चाल आहे. हा आरोप कितपत खरा, हें १९६७ सालच्या मद्रास विधानसभेच्या निवडणुकीवरून ताडून पाहण्यासारखें आहे.

विरुधुनगर या आपल्या जन्मगांवीं काँग्रेसचे अध्यक्ष के. कामराज उभे होते. १९५४ पासून १९६३ पर्यंत ते मद्रासचे मुख्यमंत्री होते. खेडोपाडीं शाळा काढून गरिबांच्या मुलांस तेथें दुपारचें जेवण देण्याची व्यवस्था त्यांच्याच कारकीर्दींतली. १९६४ व १९६६ सालीं पंतप्रधान निवडण्याच्या कामीं त्यांचाच शब्द वजनदार ठरला होता. अशा पुरुषास द्रविड मुन्नेत्र कळघमचे पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी-पुढाऱ्यानें १,२८५ मतांनीं पाडलें. ज्यांनीं मुलांस शाळेंत आणलें, त्यांस एका विद्यार्थ्यानेंच घरीं बसवावें, हें वरवर पाहतां निष्ठुर वाटतें खरें.

परंतु मतदारांपुढें प्रश्न कामराजांच्या पूर्वपुण्याईचा नव्हताच. तांदूळ दुर्मिळ व महाग झाला होता. १९६५ सालच्या हिंदीविरोधी चळवळींतील दडपशाही विद्यार्थी विसरले नव्हते. आणि विरोधी पक्षांनीं जागा वांटून घेतल्यामुळें असंतोषाचीं मतें फुटलीं नाहींत. मुख्यमंत्री भक्तवत्सलम् हेही पडले. इतकें होऊनही काँग्रेसला राज्यांत सुमारें ४१ टक्के मतें पडलीं. आणि १९६९ सालीं नागरकोइलच्या पोटनिवडणुकींत लोकांनीं याच कामराजांस लोकसभेंत पाठविलें. यास कृतघ्नपणा कसा म्हणावा?

नवख्यांनींही या विजयानें हुरळून जाऊं नये. स्वस्त तांदळाच्या आश्वासनावर कळघम सत्तेवर आला. रुपयास एक माप तांदूळ देण्याची योजना त्यानें सुरूही केली. पण खर्चाच्या भारामुळें ती राज्यभर नेतां आली नाहीं. प्रस्थापितास पाडणें हें एका दिवसाचें काम आहे. दिलेला शब्द पाळणें हें पांच वर्षांचें आहे.

तात्पर्य, मत हें गेल्या सेवेचें मानपत्र नव्हे. तें पुढील कारभाराचें मुखत्यारपत्र आहे, आणि तेंही मुदतीचें. सेवेबद्दल आदर अवश्य बाळगावा. पण त्या आदरापायीं जाब विचारण्याचा हक्क जो गहाण टाकतो, तो आपल्या पुढाऱ्याचेंही कल्याण करीत नाहीं.