'बारावी झाली की जाऊ' असं म्हणू नका

"बारावी झाली की जाऊ." सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी येऊन थांबते ती या वाक्यापाशी. नववीतल्या मुलाने हिमाचलचं नाव काढायचं, आईने क्लासचं वेळापत्रक बघायचं, बाबांनी शिल्लक रजा मोजायची आणि शेवटी सगळ्यांचं एकमत बारावीनंतरवर व्हायचं. ज्यांच्या घरात आज चौदा-पंधरा वर्षांचं मूल आहे, त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे वाक्य बोलू नका.

बारावीनंतरचा उन्हाळा प्रत्यक्षात कसा जातो ते एकदा कागदावर मांडून पाहा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलमध्ये जेईई मेनचं दुसरं सत्र. एप्रिल-मेमध्ये सीईटी, त्यातही पीसीएमची वेगळी आणि पीसीबीची वेगळी. नीट मेमध्ये. मग निकालांची वाट. निकाल लागले की कागदपत्रं: डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेयर, जात पडताळणी, आणि त्यातलं एखादं नेमकं सेतू केंद्रात अडकलेलं. मग कॅप राउंड. मिळालेली जागा फ्रीझ करायची की बेटरमेंटला थांबायचं, यावर जेवणं थंड होईपर्यंत खल. हे सगळं आटपेपर्यंत पाऊस चांगला लागलेला असतो, आणि एके दिवशी गादी, बादली आणि कुलूप यांची खरेदी करून मूल हॉस्टेलवर जातं. आमच्या लेकीचं असंच झालं. त्या उन्हाळ्यात आम्हाला साधं लोणावळाही जमलं नाही. तिच्याबरोबरची सहल आम्ही तिच्या नववीतच करून ठेवली होती, याचं समाधान मला तेव्हा फार वाटलं.

एकदा मूल घराबाहेर पडलं की ते येतं, पण पाहुण्यासारखं येतं. दिवाळीच्या चार दिवसांत आजीकडे जायचं असतं, मित्र भेटायचे असतात, झोप काढायची असते. पुढे इंटर्नशिप, मग नोकरी बंगळुरूला किंवा हैदराबादला, नाहीतर थेट जर्मनीला. पोरं दूर गेली म्हणून ती परकी होतात असं मी म्हणत नाही. पण चौघांनी एका डब्यात बसून कंटाळायचे दिवस संपतात, आणि मला महत्त्व आहे ते त्या कंटाळ्याचं.

त्याआधी सहलीला जायचं तर सोयीचे काळ दोनच. एक, नववीतली दिवाळी किंवा नाताळची सुट्टी. दुसरा, दहावीचा शेवटचा पेपर झाल्यापासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंतचा. हा दुसरा काळ शाळकरी आयुष्यातला सगळ्यात मोठा मोकळा काळ आहे, आणि नेमका त्याच्यावरच क्लासवाल्यांचा डोळा असतो. एप्रिलमध्ये व्हेकेशन बॅच सुरू होते. पहिले काही दिवस बुडले तर मागे पडाल, असं सांगितलं जातं. मी क्लासच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारलं, थोडं उशिरा आलं तर चालेल का? चाललं. तुम्हीही विचारा.

आता त्या नववीतल्या सहलीबद्दल. ती पूर्णपणे लेकीने आखली होती, आणि माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे. आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या: खर्चाची मर्यादा आणि परत यायची तारीख. बाकी जागा, गाड्या, राहणं, सगळं तिचं. तिने निवडलं तमिळनाडू: जिंजी आणि तंजावर. आम्ही दोघंही चकित झालो, कारण इतिहासाच्या पुस्तकाशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. पण सातवीत मराठ्यांच्या स्वातंत्र्यसंग्रामाच्या धड्यात आलेलं जिंजी हे नाव तिच्या डोक्यात राहिलं होतं. रायगडापासून इतक्या लांब, जिथली भाषासुद्धा आपली नाही, तिथे छत्रपती जाऊन राहिले कसे, हा तिचा प्रश्न होता. जिंजीबद्दल तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी बोलायचं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी, तेव्हापासून ते नाव पुन्हा ऐकू येऊ लागलं.

पुण्याहून चेन्नई म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस रेल्वेत. तिथून तिरुवन्नामलैला जाणारी बस तिंडिवनमवरून जिंजीला जाते, हे तिने शोधून काढलं होतं. गावाबाहेर तीन टेकड्या, प्रत्येकीवर एकावर एक रचल्यासारखे प्रचंड गोल दगड, आणि तिन्ही टेकड्यांना मिळून एक तट. त्यातली राजगिरी सगळ्यात उंच. पायऱ्या आहेत, पण छातीवर येणाऱ्या. अगदी वर, बालेकिल्ल्याच्या तोंडाशी एक खोल घळ आहे आणि तिच्यावर एक अरुंद पूल. पूल काढून घेतला की वरच्यांचा आणि खालच्यांचा संबंध संपला.

त्या पुलाशी आम्ही बराच वेळ बसलो. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७७ मध्ये घेतला. पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज वेष पालटून पन्हाळ्यावरून निघाले आणि कर्नाटकातून इथे पोहोचले. मोगलांचा वेढा जवळपास आठ वर्षं चालला आणि १६९८ मध्ये किल्ला पडला, पण त्याआधीच महाराज निसटले होते. हे सगळं लेक आम्हाला सांगत होती, वहीत उतरवून आणलेलं. मग सालांची वजाबाकी करून ती एकदम म्हणाली, "बाबा, इथे आले तेव्हा ते फक्त १९ वर्षांचे होते. आणि ताराबाई १४ च्या. माझ्याहून लहान." त्यावर तिचे बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. ती घळीत वाकून बघत राहिली. घरी अभ्यासाच्या टेबलाशी बसून कितीही समजावलं असतं, तरी ही वजाबाकी तिने केली नसती.

तिथून विळुपुरमला जाणाऱ्या बसमध्ये आम्हाला आणखी एक गोष्ट कळली. दोघींना खिडकीजवळ एकत्र जागा मिळाली होती, बाबा मागे उभे होते. बाहेर बघता बघता, माझ्याकडे न पाहता तिने सांगितलं की शाळेतली तिची जिवलग मैत्रीण दिवाळीपासून तिच्याशी बोलत नाही. दोन महिने ती मधल्या सुट्टीत एकटी डबा खात होती. घरी रोज "शाळेत काय झालं?" विचारलं की "काही नाही" हेच उत्तर मिळत होतं. या वयातली मुलं समोरासमोर बसवून विचारलं की मिटतात. शेजारी बसलं, दोघांची नजर रस्त्यावर असली, घाई नसली, की बोलतात. म्हणून शक्य असेल तिथे रेल्वेने आणि बसने जावं असं मला वाटतं. विमानाने वेळ वाचतो हे खरं, पण वाचतो तो नेमका हाच वेळ.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण केलं. त्याच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेख आहे, अतिशय लांब. आजूबाजूला सगळं तमिळ, आणि भिंतीवर आपली अक्षरं. लेक बोट फिरवत वाचत सुटली. जुनी मराठी तिला धड कळत नव्हती, तरी एखादा ओळखीचा शब्द सापडला की हाक मारायची, "आई, हे बघ!" सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले कागद पाहिले. कुंभकोणम मात्र राहिलं, कारण त्या दिवशी तिला उशिरापर्यंत झोपायचं होतं आणि यादीत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणं तिच्या हातात होतं.

झोपेचं तर मी आग्रहाने सांगेन. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा स्रवू लागतं. मुलं आळशी म्हणून उठत नाहीत असं नाही. रोज पहाटे पाचला उठवून स्थळामागून स्थळ दाखवत नेलं, तर ती सहल त्यांच्या लेखी शाळेसारखीच होते. संपूर्ण सहलीत एकच पहाट मागावी, आणि ती तशीच मोलाची असावी.

प्रवासी कंपन्यांच्या सहलींना माझा विरोध नाही. आजी-आजोबांना घेऊन जायचं तर त्यासारखी सोय नाही. पण किशोरवयीन मुलाला तिथे ठरवायला काहीच उरत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे ज्याला स्वतः शोधून दोन्हींचा मेळ घालावा लागतो, तो मुलगा छत्रपती संभाजीनगरला नेलेला राहत नाही, गेलेला असतो. तत्काळचं आरक्षण आदल्या दिवशी एसीसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडतं, आरएसी म्हणजे बसायला जागा नक्की, वेटिंग म्हणजे नाही, हे त्याला पंधराव्या वर्षी कळलेलं बरं. पुढे दिवाळीला हॉस्टेलवरून घरी यायचं तिकीट त्यालाच काढायचं आहे.

पैशांचा प्रश्न खरा आहे. सगळ्यांनाच तमिळनाडू जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना चार आणि सात दिवसांच्या पासची आहे. एकदा पास काढला की तेवढे दिवस राज्यात एसटीने हवं तिथे फिरा. मुलाच्या हातात महाराष्ट्राचा नकाशा द्या आणि म्हणा, ठरव. त्याहून कमी खर्चाची एक सहल आम्ही केली. मुलांचे बाबा सांगलीला इंजिनिअरिंगला होते. आम्ही मुलांना त्यांचं हॉस्टेल दाखवायला नेलं. खोलीत दुसरीच पोरं राहत होती, त्यांनी आनंदाने आत घेतलं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंग खाता खाता बाबांनी सांगितलं, की पहिल्या वर्षी घरची आठवण अनावर झाली की ते इथे येऊन बसायचे, आणि घरी पत्रात मात्र सगळं छान आहे असं लिहायचे. मुलांनी हे कधी ऐकलं नव्हतं. लेक हॉस्टेलला गेल्यावर पहिल्या महिन्यात तिने फोन केला तो मला नाही, बाबांना. म्हणाली, "बाबा, मला इथे घाट नाहीये." मग ते दोघं रात्री खूप वेळ बोलत राहिले.

मोबाईलवरून भांडण होणारच. मुलांवर बंदी घालून आपण ऑफिसचे मेल बघत बसलो तर ते त्यांना बरोबर दिसतं. नियम करायचा तर चौघांना एकच, आणि साधा: जेवताना कुणाचाच नाही. याहून जास्त ताणू नये.

धाकटा यंदा दहावीत आहे. त्याला किल्ले नकोत, शिलालेख नकोत. त्याने मंडणगड तालुक्यातलं वेळास निवडलंय. ऑलिव्ह रिडले कासवं तिथल्या किनाऱ्यावर अंडी घालतात. कुत्र्याकोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपणातल्या घरट्यांत हलवतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. गावातल्या घरांतच राहायची आणि जेवायची सोय होते. पिल्लं कधी बाहेर पडतील हे अंडी घातल्याच्या दिवसावर अवलंबून असतं, म्हणून निघण्याआधी गावात फोन करावा लागतो, आणि तो फोन त्याने स्वतः केला. पलीकडच्या काकांशी त्याचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकत होते: "आम्ही चौघं येणार, ताईलापण सुट्टी मिळतेय, मासे चालतात, नाही, आईला नाही चालत." ताईला सुट्टी मिळते का हेही त्यानेच तिला विचारून घेतलं होतं. एरवी ज्याला सकाळी हाका मारून दमायला होतं, त्याने इथे पहाटेचा गजर आपणहून ठरवलाय.

ज्यांच्या घरी यंदा दहावी आहे, त्यांनी अजून उशीर झाला असं समजू नये. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मार्चच्या शेवटी निघायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी सकाळी आठला तिकिटं काढायला बसावं लागेल. अभ्यासातून पंधरा मिनिटं जातील, ती जाऊ द्या. मोबाईल मुलाच्या हातात द्या, कुठे जायचं ते त्याला विचारा, आणि चौघांची तिकिटं त्यालाच काढू द्या.