राखणीच्या कुत्र्याचा अखेरचा आजार

खळें, गोठा व उभें पीक यांची वर्षानुवर्षें राखण करणाऱ्या कुत्र्याच्या चाकरीची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं. तो म्हातारा झाला, अंगावर गांठ उठली, कीं त्यास दूर शिवारांत सोडून देण्याची चाल अद्यापि दिसते. ती बंद व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, प्रत्येक गांठ असाध्य नसते. जननेंद्रियावर उठणारी, रक्त गळणारी व समागमानें पसरणारी कर्करोगाची एक जात आहे. आठवड्यास एक याप्रमाणें व्हिंक्रिस्टीनचीं ४ ते ६ इंजेक्शनें दिल्यास ती बहुधा समूळ बरी होते. कुत्रीच्या स्तनांतील गांठींपैकीं सुमारें निम्म्या निरुपद्रवी निघतात. म्हणून निदान झाल्यावांचून आशा सोडूं नये.

रोग असाध्य ठरला तरीही धन्याचें काम संपत नाहीं. मोठ्या चणीच्या कुत्र्यांस होणारा पायाच्या हाडाचा कर्करोग फार दुखतो. तेथें पशुवैद्यानें ठरविलेल्या मापानें मेलॉक्सिकॅम देतात. गळ्याखालच्या व जांघेंतील ग्रंथी सुजविणाऱ्या कर्करोगांत प्रेडनिसोलोननें सूज उतरते व कुत्रा पुन्हा खाऊं लागतो. हा आराम बहुधा १ ते ३ महिने टिकतो. मात्र हीं दोन औषधें एकत्र देऊं नयेत. पोटांत व्रण पडून रक्तस्राव होतो. माणसांची आयबुप्रोफेनची गोळी तर मुळींच देऊं नये. तिनें मूत्रपिंडेंही बिघडतात.

कोणी म्हणेल, बैलाच्या औषधास पैका पुरत नाहीं, तेथें कुत्र्याचें काय? अडचण खरी आहे. परंतु आम्ही शहरांतील महागडे उपचार सुचवीत नाहीं. दुखणें शमविणारें औषध, मऊ अन्न, जवळ पाणी व कोरडें अंथरूण एवढें बहुतेकांस शक्य आहे. पुढें अन्न सुटलें, उठवेना, औषधानेंही कण्हणें थांबेना, तर पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देववावें. त्यांत निर्दयपणा नाहीं.

उपाशी मरेल अशा स्थितींत जनावर विनाकारण सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकानें नव्हे, तर घेतलेल्या चाकरीचें देणें म्हणून हें करावें. सरकारी सारा वेळेवर भरणाऱ्या शेतकऱ्यानें ही थकबाकी ठेवूं नये.