भुतां नकोत, गजाली बघा

पावसाळ्यात तारकर्लीत बोटी बंद, स्कूबा बंद, पाहुणेही तुरळक. लाइट असली तर टीव्ही. मग मुंबईच्या नातेवाइकांच्या याद्या येऊ लागतात, "हे बघाच!" यादीत काय? खून, खून, भूत, परत खून... तेही एक वेळ चालेल. पण "तुमच्या कोकणातली आहे ना" म्हणून कोणी 'रात्रीस खेळ चाले' पुढे केली की माझं डोकं फिरतं.

2016 मध्ये झी मराठीवर पहिलं पर्व आलं, 2019 मध्ये दुसरं, 2021 मध्ये तिसरं. माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक जबरदस्त, प्रश्नच नाही. आकेरीचा वाडा बघायला गाड्या लागल्या, आमच्याकडच्या कलाकारांना कामं मिळाली. सगळं मान्य.

आणि राग भुतांवर नाहीच. त्यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. पण आमच्या गोष्टींतला देवचार राखणदार असतो. खांद्यावर कांबळं, हातात काठी, आणि रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. मालिकेने उरवली ती नुसती भीती. आता पाहुणे विचारतात, "रात्री बाहेर फिरलं तर चालेल ना?" हेच लोक दुसऱ्या दिवशी देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, भर ओहोटीत छातीभर पाण्यात उतरतात. अरे, घाबरायचं ते तिथे!

त्याच झी मराठीवर 2017 मध्ये 'गाव गाता गजाली' आली होती. कोणाच्याच यादीत ती नसते. एक गाव, त्यातली माणसं, त्यांच्या खोड्या, भांडणं, आणि मालवणी. लेखन प्रल्हाद कुडतरकरचं, म्हणजे 'रात्रीस'मधला पांडू! ज्या माणसाने घाबरवलं त्यालाच हसवताही येत होतं. तरी लक्षात राहिलं ते भूतच.

"मालवणी कळत नाही हो सगळ्यांना." हे तर ऐकवूच नका. 1980 मध्ये गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोग केले, ते काय फक्त मालवणकरांनी बघितले? आणि 'पंचायत'मधली फुलेऱ्याची बोली तुम्हाला बरी कळते! 2020 पासून बघताय, 2025 च्या चौथ्या पर्वात दुधी भोपळा विरुद्ध प्रेशर कुकर या निवडणुकीवर घरोघरी चर्चा झाली. भुताशिवाय गाव रंगत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडची एक ग्रामपंचायत निवडणूक बघावी, बस्स.

भीतीच हवी असेल तर 2024 ची 'मानवत मर्डर्स' बघा, मुलं झोपल्यावर. परभणी जिल्ह्यात 1970 च्या दशकात झालेल्या खऱ्या खुनांवर आहे. गुप्तधन आणि नरबळीच्या वेडातून माणसं काय करतात ते दिसतं, आणि तपास पोलिसच करतात, मांत्रिक नाही.

मावशी, रागावू नकोस, तुझ्या यादीतली ती एक बघेन मी. पण आधी तू 'गजाली' लाव. नातवंडांना घेऊन बस, एखादा शब्द अडला तर तूच सांग त्यांना. तुझ्याशिवाय त्या घरात मालवणी येतं कोणाला?