अर्ध्यावर राहिलेली हातकामं

ज्या घरात मोबाइल आहे त्या घरात अर्ध्यावर सोडलेलं एखादं हातकामही असतंच. कुठे क्रोशाचा रुमाल चार ओळींवर थांबलेला, कुठे रंगवायला धुऊन ठेवलेल्या काचेच्या बाटल्या. आमच्या घरी हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत साठत गेलं होतं. यंदा उन्हाळी सुट्टी लागली तेव्हा आम्ही घरातल्या बायकांनी ठरवलं की बकरी ईदच्या आत ही पेटी रिकामी करायची. आम्ही म्हणजे अम्मी, दोघी जावा, सुट्टीला आलेली नणंद आणि मुली.

पेटी उघडल्यावर निघालं ते असं: कागदी पट्ट्यांच्या गुंडाळ्यांचं अर्धं तोरण, ज्यूटचे दोन पायपुसणे, सात बाटल्या, एक जुजदान ज्याला फक्त नाडी लावायची राहिली होती, आणि तळाशी एक गोधडी. नणंदेच्या पहिल्या बाळासाठी ती सुरू झाली होती. ते बाळ आता पहिलीत जातं.

कामं अर्धी का राहतात याची चर्चा पहिल्या दिवशीच झाली. धाकटी जाऊ म्हणाली, बायकांना सलग दोन तास मिळतात कुठे? हे तर खरंच. पण आम्हाला वाटतं, निम्मं कारण त्या व्हिडिओंमध्येच आहे. पाच मिनिटांत जी वस्तू तयार होताना दिसते तिच्यामागे दोन दिवसांचं काम असतं, आणि वाळण्याचा वेळ तर दाखवतच नाहीत. शिवाय सामान तिकडचं. गोधडीच्या व्हिडिओतली बाई सारखी ‘फॅट क्वार्टर’ म्हणते. आम्ही शोधून काढलं, तो 18 बाय 22 इंचांचा कापडाचा तुकडा असतो. तिकडे गोधडीसाठी असे तुकडे कापून विकतात. आपल्याकडे दुकानदार मीटरने फाडतो. आणि बोईसरच्या बाजारात वजनावर घेतलेल्या कात्रणात एकसारख्या मापाचे दोन तुकडे मिळाले तर नशीब समजायचं. तिकडच्या मापाचा नमुना आपल्या कापडावर बसवता बसवता शिवणाऱ्या बाईचा उत्साहच संपतो.

हवेचंही तसंच. कागदाच्या गुंडाळ्या कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं टिकत असतील. आमच्या कोळगावात जुलै लागला की भिंतीला ओल येते, कागद नरम पडतो आणि गुंडाळी आपोआप सुटते. त्या तोरणाचा निकाल आम्ही लगेच लावला. उरलेल्या रंगीत पट्ट्या शाळेच्या कार्यानुभवाच्या कपाटात गेल्या. पायपुसणे दोन संध्याकाळींत झाले. जुजदानाला नाडी लावायला वीस मिनिटंही लागली नाहीत, आणि ते तीन वर्षं पडून होतं.

बाटल्यांवर मात्र वाद झाला. मोठ्या भाचीने कधीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता: काळा रंग दिलेली बाटली, वर पांढऱ्या रेषांत वारली नक्षी, बनवणारी बाई कुठल्यातरी परदेशातल्या स्वयंपाकघरात. आता गंमत पाहा. वारली चित्रं ज्या मुलखातली, त्याच मुलखात आम्ही राहतो. ज्यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली ते जिव्या सोमा मशे इथल्याच डहाणू तालुक्यातले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते वारले. आणि आमच्या मुलीला ही नक्षी कळली ती सातासमुद्रापलीकडून.

शाळेतल्या एका विद्यार्थिनीची आई वारली समाजातली आहे. तिला विचारलं तर ती हसत सुट्टीतल्या एका दुपारी घरी आली. बाटल्या तिने बाजूलाच ठेवल्या. आधी गेरू कालवून जुन्या मांजरपाटाच्या कापडावर हात मारला आणि कापड वाळत घातलं. तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक घातला. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. तिचं म्हणणं असं की सगळं तीन आकारांत बसतं. गोल म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाडाचा शेंडा. चौकोन मात्र वेगळा. तो लग्नाचा चौक. तो सवासिनींनी लग्नघरात काढायचा, त्यात पालघट देवी असते. ‘तो नका काढू, तो शोभेचा नाही,’ असं ती अगदी सरळ म्हणाली. आम्हालाही ते पटलं. दुसऱ्याच्या घरची इबादत आपल्या बैठकीच्या खोलीत नक्षी म्हणून का लावायची?

अम्मींची अट वेगळी होती. भिंतीवर माणसं-जनावरं नकोत, त्या खोलीत आम्ही नमाज पढतो. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की वारलीतला माणूस होतो, आणि माणसांशिवाय हे चित्र होईल का अशी आम्हाला शंका होती. त्या बाईंना यात काहीच अडचण वाटली नाही. त्यांनी ताडाची झाडं काढली, भाताची खाचरं, सुकत घातलेली जाळी, मुंग्यांचं वारूळ आणि मागे डोंगरांची रांग. रेषा बारीक, पण हात एकदाही थांबला नाही. मुलींनी त्यांच्या शेजारी बसून कडेची नक्षी पूर्ण केली.

जाताना पैशांचा प्रश्न आला. घरात एक मत असं होतं की ओळखीची आहे, जेवली, कपडा दिला, झालं. आम्ही म्हटलं, शिकवणीला आलेल्या मास्तरला आपण जेवण घालून परत पाठवतो का? चार तासांचे पैसे पाकिटात घालून दिले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतले. व्हिडिओवाल्या बाईला जाहिरातीतून काही मिळत असेल. ज्यांची ही कला आहे त्यांच्या हातात मात्र आपल्या गावातही काही पडत नाही, हे आम्हाला खटकतं. बाटल्या भंगारवाल्याने नेल्या.

राहिली गोधडी. तिची घाई होती, कारण अम्मींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि गोधडीचा टाका आमच्यात त्यांनाच नीट येतो. व्हिडिओत मशीनने शिवतात, आत कापसाचा तयार थर घालतात. अम्मींच्या गोधडीत आत जुन्या साड्याच असतात, आणि वरून हाताने धावदोरा. एक बोट खाली ठेवून सुईचं टोक बोटाला लागलं की दोरा ओढायचा. म्हणूनच धूसर दिसत असतानाही त्यांच्या ओळी सरळ येतात. नणंदेने तो टाका शिकायला घेतला तेव्हा दोन दिवस तिच्या बोटाचं टोक सोललेलं होतं.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या करतात. त्यांत मुसलमान सिद्दीही आहेत. एका कोपऱ्यापासून टाके घालत कडेकडेने फिरत त्या मधोमध येऊन पोचतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाची तिकोनी घडी लावतात, तिला ‘फुला’ म्हणतात. ती लावल्याशिवाय गोधडी त्यांच्या लेखी पूर्ण नसते. हेही आम्हाला मोबाइलवरच कळलं, तेव्हा सगळा दोष मोबाइलला देता येणार नाही. अम्मींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग आपल्यालाही चार लावा. एका कोपऱ्याला त्यांच्या लग्नातल्या ओढणीचा तुकडा बसवला.

गोधडी बाळासाठी मापली होती, आता ती मोठीला पुरत नाही. तिला यंदा नर्सिंगला प्रवेश मिळाला तर ती मुंबईला हॉस्टेलवर जाईल. म्हणून लांबीला दीड हाताची पट्टी जोडायचं ठरलं. पट्टीवरच्या ओळी नणंद घालते आहे, अम्मी शेजारी बसून बोटांनी चाचपून पाहतात आणि वाकडी आलेली ओळ उसवायला लावतात. आतापर्यंत तीन वेळा उसवली. अम्मींचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, आणि अजून अकरा ओळी बाकी आहेत.