युरियाचा पैसा वाऱ्यावर नको

अकोला-अमरावतीकडे पऱ्हाटीला युरिया टाकणारे हात पुष्कळदा आपल्या आयाबहिणींचे असतात; वावर घरचे असो की मजुरीचे. त्या पांढऱ्या दाण्याचे पुढे काय होते, ते आपण समजून घेऊ.

ओल्या मातीत युरियाचे आधी अमोनियम होते. मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मुळे ही दोन्ही रूपे घेतात. अमोनियम काळ्या मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट पाण्यासोबत मुळांकडे जाते, पण जोराच्या पावसात खाली निघून जाते. आपल्या काळ्या जमिनीत चुना असतो. दाणे वरच राहिले तर नत्र अमोनिया वायू होऊन उडते.

४५ किलोच्या पोत्यात नत्र २०.७ किलोच. तेही उडाले तर हाती उधारी उरते. म्हणून युरिया हप्त्याने, ओल असताना, ओळीलगत टाकावा आणि लगेच डवऱ्याने मातीआड करावा. मधे तुरीचे तास ठेवावे; तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात.

लहान शेतीचा प्रश्न भांडवलाचाही आहे, हे बाबासाहेबांनी १९१८ च्या निबंधात मांडले. आपले भांडवल थोडे आहे. ते मुळापर्यंत पोहोचावे, एवढेच आमचे सांगणे.